तिच्या नावाची हजेरी

वसईच्या वालीवला माझा गाळा आहे. पितळी पाट्या, ट्रॉफीवरच्या पट्ट्या, दारावरचे नामफलक, अशी कामं करतो. तरुणपणी देशावरून आलो तेव्हा याच गल्लीत दुसऱ्याच्या गाळ्यात पितळ घासायला लागलो. आता मशीन माझी, गाळा माझा, आणि जिभेची धारही माझीच. भाव करण्यात मला हरवणारा अजून भेटला नाही, असं मी परवापरवापर्यंत सांगायचो. आता सांगत नाही. एका ठिकाणी मी हरलो, आणि तिथे समोरच्यांनी भाव केलाच नव्हता.

ते ठिकाण म्हणजे वसईतलं एक कॉलेज. माझी बायको तिथल्या लायब्ररीत एकोणीस वर्षं कामाला होती. फाटलेली पुस्तकं शिवायची, पुठ्ठे चिकटवायचे, परत आलेली पुस्तकं जागच्या जागी लावायची. एकोणीस वर्षं तिच्या कागदावर एकच शब्द राहिला, तात्पुरती. दर मे महिन्यात तिला चार दिवसांचा ब्रेक द्यायचे आणि जूनमध्ये पुन्हा नवा कागद. कायम लोकांचं मस्टर ऑफिसातल्या टेबलावर असायचं. तिची सही एका वेगळ्या वहीत व्हायची, आणि ती वही लायब्ररीच्या ड्रॉवरमध्ये, डिंकाच्या बाटलीशेजारी. या वहीवरून मी किती वेळा पेटलो असेन. ती म्हणायची, "सही कुठे केली त्यानं पुस्तकं वेगळी शिवली जातात का?" तिला राग यायचाच नाही. तिच्या वाटणीचा रागही मीच करायचो.

या कॉलेजात एक चाल आहे. नोव्हेंबरात इकडचे ख्रिस्ती लोक आपल्या माणसांच्या कबरी धुतात, फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. कॉलेजचे पहिले प्राचार्य फादर होते. त्यांनी ही चाल जराशी बदलून कॉलेजात आणली, म्हणजे सगळ्या धर्मांच्या लोकांना चालेल अशी. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी सगळे लायब्ररीच्या जिन्यासमोर जमतात आणि कॉलेजच्या गेलेल्या माणसांची हजेरी घेतली जाते. प्राध्यापक, क्लार्क, शिपाई, शिकता शिकता गेलेली मुलं, सगळ्यांची. वर्गात घेतात तशीच. प्राचार्य नाव पुकारतात आणि त्या माणसाला ओळखणारं कुणीतरी गर्दीतून म्हणतं, "हजर." एवढंच. भाषण नाही, हार नाही. कुणीच बोललं नाही तर प्राचार्य जरा थांबतात आणि पुढचं नाव घेतात.

जिन्याच्या भिंतीवर लाकडी फळी आहे. तिच्यावर प्रत्येक नावाची पितळी पट्टी. त्या पट्ट्या आमच्या गाळ्यावर व्हायच्या. खोदकाम माझं, आणि खोदलेल्या अक्षरांत काळा रंग भरायचं काम तिचं. रंग भरायचा, थोडा सुकू द्यायचा, मग वरचा जादा रंग कापडानं पुसायचा. हात जड पडला तर अक्षरातलाही रंग निघतो, हलका पडला तर पितळेवर काळं फासल्यासारखं दिसतं. पुस्तकं शिवून तिचा हात तयार होता. तसा हात मी कामाला ठेवलेल्या एकाही माणसाला आला नाही आणि मलाही नाही.

सुट्टीच्या दिवशी गल्ली शांत असताना ती गाळ्यावर यायची. स्टुलावर बसून पट्टी गुडघ्यावर घ्यायची आणि रंग उघडायच्या आधी नाव मोठ्यानं वाचायची. मग म्हणायची, "हे कोन, सांगू?"

ती इकडचीच, खाडीकाठच्या भातशेतीवाल्या घरातली. ण तिच्या तोंडात कधी बसला नाही. मी चिडवायचो, "कॉलेजात एवढी वर्षं काढलीस, एक ण शिकली नाहीस."

"तुम्ही एवढी वर्षं वसईत काढलीत, एक बोंबील साफ करायला शिकलात का?"

"मी खातो ना. तेवढं पुरे."

"मग मीही बोलते ना. तेवढं पुरे. ऐका आता."

आणि मी ऐकायचो. म्हणजे मशीन पुसत, कुरकुरत ऐकायचो. भूगोलाच्या एका सरांची पट्टी होती. गिरीज गावात त्यांची केळीची वाडी. लग्न केलं नव्हतं. पुस्तकात खूण म्हणून केळीच्या खोडाच्या सोपटाची पट्टी घालून ठेवायचे, त्यानं पानांना डाग पडायचे. हिनं एकदा त्यांना चांगलं सुनावलं. दुसऱ्या दिवशी सरांनी पन्नासेक कागदी खुणा कापून आणल्या, प्रत्येकीवर एकेका नदीचं नाव लिहिलेलं. "तुमच्या पुस्तकांना आता पूर येईल," म्हणाले. एक माळी होते. वाचता येत नव्हतं, पण दुपारी हातपाय धुऊन लायब्ररीत यायचे आणि पेपर उघडून तासभर बसायचे. पानं उलटायचेसुद्धा. कुणी हसलं तर ही त्याला बाहेर काढायची. आणि दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी होती, आजारात गेली. तिच्याकडे लायब्ररीचं एक पुस्तक राहिलं होतं. ते आणायला हिला तिच्या घरी पाठवलं. "आईनं पुस्तक छातीशी धरलेलं. मी पानी प्यायले नि परत आले. हरवलं म्हनून लिहिलं," असं सांगून तिनं त्या मुलीच्या नावात रंग भरला होता, इतका जपून की पुसायला कापड जवळजवळ लागलंच नाही.

हजेरीला ही दर वर्षी जायची. ज्यांच्या नावाला कुणी बोलायचं नाही, त्यांच्यासाठी ही बोलायची. भूगोलाच्या सरांची सगळी वाडी पुतण्यांनी विकली होती, हजेरीला कोण येणार? माळ्याची माणसं गावाला. एका वर्षी मी विचारलं, "तू सगळ्यांची हजर. तुझ्या नावाला कोण बोलणार?"

"माझं नाव घेनार कोन? मी मस्टरवर कुठे आहे?" असं म्हणून ती हसली आणि कापडाची घडी बदलून पुढची पट्टी पुसायला लागली. मी त्या दिवशी कॉलेजला, मस्टरला, त्या फादरना, सगळ्यांना शिव्या दिल्या. तिनं रंगाची डबी बंद करायला लावली आणि चहा टाकला.

ती गेली त्याला दोन वर्षं होऊन गेली. ती गेली त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मी प्राचार्या मॅडमना भेटायला गेलो. कामाच्या माणसासारखं सरळ बोललो.

"मॅडम, यंदाच्या यादीत तिचं नाव पाहिजे."

मॅडम शांत स्वभावाच्या आहेत. टेबलावरचे कागद बाजूला करून म्हणाल्या, "यादी कायम कर्मचाऱ्यांच्या मस्टरवरून निघते. पण त्यांचं नाव आलं पाहिजे, हे मलाही वाटतं. मी असं करू शकते, सगळी नावं झाल्यावर शेवटी त्यांचं नाव घेऊ. पट्टीही लावू, खालच्या ओळीत."

आता माझा धंदा सांगतो. समोरच्यानं पहिला आकडा सांगितला की तो घ्यायचा नसतो. पहिला आकडा म्हणजे बोलणं सुरू झालं, एवढाच त्याचा अर्थ. आणि शेवटी, खालच्या ओळीत, हे शब्द ऐकून माझं डोकंही तापलं होतं. एकोणीस वर्षं ड्रॉवरमधली वही, आणि मेल्यावरही खालची ओळ.

मी म्हणालो, "शेवटी नाही. ज्या क्रमानं माणसं कॉलेजात आली त्या क्रमानं. बाकीच्यांच्या मधे."

"ते माझ्या एकटीच्या हातात नाही. समितीपुढे ठेवावं लागेल."

"मग ठेवा. ज्यांच्या नावात तिनं रंग भरला, त्यांच्या पंगतीत ती बसणार नाही का? खालच्या ओळीत बसवायला ती काय उशिरा आली होती?"

"तुम्ही रागावू नका..."

"मी रागावलो नाही. मी चाललो."

आणि मी उठलो. हाही धंद्यातलाच भाग. सौदा अडला की उठायचं, दाराकडे चार पावलं टाकायची. मागून हाक येतेच. "शेठ, बसा हो, काय एवढं," अशी हाक मी हजार वेळा ऐकली आहे. मी दारापर्यंत हळू गेलो. जिना हळू उतरलो. फळीपाशी थांबून तिनं भरलेली अक्षरं बघितली. मग फाटकापाशी उभा राहिलो, बराच वेळ. शेवटी वॉचमन म्हणाला, "शेठ, रिक्षा पाहिजे काय?"

मी म्हणालो, "पायानं जाता येतं मला."

गेलोही पायानं, पार स्टेशनपर्यंत.

त्यानंतर आठवड्याभरात कॉलेजचा शिपाई गाळ्यावर आला. हातात पाकीट. मला वाटलं, यंदाच्या पट्ट्यांची नावं पाठवली. मी पाकीट हातातही घेतलं नाही. "मॅडमना सांग, पट्ट्या होणार नाहीत. दुसरीकडून करून घ्या." तो म्हणाला, "शेठ, बघा तरी." मी मशीन चालू केली. मशीनच्या आवाजात कुणी बोलत नाही. चार दिवसांनी तो परत आला, तेव्हा मी त्याला शटरच्या आतही घेतलं नाही. कॉलेजचा फोन आला तो उचलला नाही. त्या वर्षीची हजेरी झाली, पुढच्याही वर्षीची झाली. मी गेलो नाही. पट्ट्या दुसऱ्या कुणीतरी केल्या. प्लास्टिकवर छापलेल्या, असं नंतर ऐकलं. ऐकून मला बरं वाटलं होतं, हेही लिहून टाकतो.

घरात मी एकटाच. मुलगी लग्न होऊन लांब गेली, रविवारी फोन करते. बाकी दिवस मी गाळ्यावर जातो, भांडतो, परत येतो. पूर्वी भांडण घरी नेऊन सांगायला कुणी होतं. ती ऐकून म्हणायची, "नि तो काय बोलला?" मग समोरच्याची बाजूही सांगावी लागायची, आणि सांगता सांगता निम्मा राग उतरायचा. आता तो राग तसाच घेऊन मी फ्लॅटच्या कुलपात किल्ली फिरवतो. दारावर पितळी पाटी आहे. घर घेतलं तेव्हा मीच केली. तिच्यावर फक्त माझं नाव आहे. मी इतरांना सांगतो, मिसेसचंही नाव घाला, शोभून दिसतं. स्वतःच्या वेळी मला सुचलं नाही आणि ती बोलली नाही. त्या पाटीतला रंगही तिनंच भरलेला आहे.

या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी पापडीच्या ख्रिस्ती कबरस्तानात एक पाटी पोचवायची होती. एका घरच्यांनी आजोबांच्या कबरीसाठी करून घेतली होती. मी ती बसवायला स्वतः गेलो, कारण स्क्रू कसे मारतात त्यावर माझा कुणावर भरवसा नाही. सगळीकडे माणसं कबरी घासत होती. कुणी बादल्या आणत होतं, कुणी शेवंतीच्या कुंड्या मांडत होतं. शेजारच्या कबरीपाशी एक म्हातारी बाई ब्रशनं अक्षरांतली माती काढत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमचं कोण इथे?"

"कुणी नाही. मी पाटीवाला."

"मग तुमची माणसं कुठे?"

मी पुढचा स्क्रू लावला. हिची राख खाडीत सोडली. दारावर तिचं नाव नाही. रेशनकार्डावर होतं, ते मीच जाऊन कमी करून आणलं. आयुष्यभर मी गावभरच्या माणसांची नावं खोदली, आणि ज्या बाईनं त्यांत रंग भरला तिचं नाव या अख्ख्या वसईत चारचौघांना दिसेल असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. स्क्रू मारून झाल्यावर मी पिशवी उचलली. म्हाताऱ्या बाईनं बादलीतलं पाणी पुढे केलं, "हात धुवा," म्हणाली.

नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी मी कॉलेजात गेलो. शर्टाच्या खिशात तिच्या नावाची पितळी पट्टी होती. ती मी पहिल्याच वर्षी खोदून ठेवली होती. रंग भरलेला नव्हता. माझं ठरलं होतं. सगळी नावं संपली की मी पुढे होऊन तिचं नाव मोठ्यानं पुकारणार आणि स्वतःच हजर म्हणणार. मग कोण काय बोलतं ते बघू. भांडायची तयारी करून गेलो होतो. समोरचा काय म्हणेल, मी काय म्हणेन, सगळं रिक्षातच पाठ झालं होतं.

मी मागे, नळाजवळ उभा राहिलो. मॅडमनी यादी उघडली. पहिलं नाव फादरांचं, पुष्कळ जण एकदम "हजर" म्हणाले. मग एक एक नाव. कुणाची मुलगी बोलली, कुणाचा विद्यार्थी, तोही आता पिकल्या केसांचा. आवाज कुणाचा घोगरा, कुणाचा पातळ. मी खिशावर हात ठेवून होतो.

मग मॅडमनी भूगोलाच्या सरांचं नाव घेतलं.

कुणी बोललं नाही. त्यांच्या वेळची माणसं निवृत्त होऊन पांगली होती. मॅडम थांबल्या. मला वाटलं, आता डावीकडून, पुस्तकं द्यायच्या खिडकीकडून आवाज येईल. दर वर्षी तिथूनच यायचा, ती सांगायची तिथे उभी राहते म्हणून. मॅडमनी पान उलटायला बोट लावलं, आणि माझ्या तोंडून आलं, "हजर."

लोकांनी वळून बघितलं. मी सरांना आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. पण नदीच्या नावांच्या त्या पन्नास खुणा मला माहीत होत्या. त्या गर्दीत कदाचित मला एकट्यालाच.

माळ्याच्या नावाला पुन्हा तसंच झालं. थांबणं, आणि मग माझं "हजर." त्या मुलीच्या नावाला मात्र मी जरा वाट पाहिली, आई असेल तर तिचा मान पहिला. कुणी बोललं नाही. मग मी बोललो.

शेवटचं नाव झालं. मॅडमनी यादी मिटली. हीच वेळ होती. मी पट्टी खिशातून बाहेरही काढली. पण पुकारलं नाही. इतका वेळ ऐकून एक गोष्ट कळली होती. नाव पुकारणारा एक आणि हजर म्हणणारा दुसरा लागतो. दोन्ही आपणच केलं तर ती हजेरी होत नाही, नुसता आरडाओरडा होतो. आरडाओरडा मी दोन वर्षं करतच होतो.

लोक पांगले. मॅडम माझ्याकडे आल्या. "तुम्ही ओळखत होता त्या तिघांना?"

"नाही. ती सांगायची."

त्यांनी माझ्या हातातल्या पट्टीकडे बघितलं. मी म्हणालो, "मॅडम, तुम्ही म्हणाला होता, शेवटी. शेवटी तर शेवटी. द्या."

एवढी वर्षं धंदा केला, समोरच्याचा पहिलाच आकडा घेतला तो त्या दिवशी.

मॅडम म्हणाल्या, "अहो, फॉर्म दोन वर्षं तयार आहे. समितीनं त्याच आठवड्यात होकार दिला होता. फक्त घरच्यांची सही लागते. दोनदा शिपायाला पाठवलं तुमच्याकडे, फोन केला."

म्हणजे, हाक आली होती. चालत आली होती, वालीवपर्यंत, दोनदा. मीच मशीन चालू केली होती.

"क्रमाचं काय झालं?" मी विचारलं. सवय जात नाही.

"ते मान्य झालं नाही. शेवटीच. मी प्रयत्न केला."

"बरं," मी म्हणालो. शेवटी का, हा प्रश्न मी सोडलेला नाही, समितीला पत्र देणार आहे. पण त्या दिवशी बरं म्हणालो.

मॅडमनी मला लायब्ररीत नेऊन फॉर्म दिला. साधा एक कागद. गेलेल्या माणसाचं नाव, काम काय करत होते, आणि खाली दोन रेघा, हजर कोण म्हणणार, आणि तो नसल्यास दुसरं कोण. पहिल्या रेघेवर मी माझं नाव लिहिलं. दुसऱ्या रेघेपाशी पेन थांबलं. मुलगी लांब, नोव्हेंबरात यायची नाही. माझे गल्लीतले लोक मला भावासाठी ओळखतात, तिला ओळखत नव्हते. मी नसल्यावर मॅडम थांबतील, बोट पानाला लावतील, आणि पान उलटेल.

हिच्या जागेवर आता एक बाई बसते. पुस्तक शिवत होती. मला बराच वेळ अडलेला बघून म्हणाली, "काका, काय राहिलं?"

मी कागद दाखवला. तिनं वाचला. "मला त्यांनी टाका घालायला शिकवलं. माझं नाव चालेल का? पण मीही तात्पुरतीच आहे."

मी मॅडमकडे बघितलं. जिभेवर फार काही आलं होतं.

मॅडम म्हणाल्या, "चालेल."

तिनं सुई पुस्तकाला टोचून ठेवली आणि सही केली.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी गाळ्यावर गेलो. गल्लीत शटरं खाली. स्टूल ओढलं, पट्टी गुडघ्यावर घेतली. रंग उघडायच्या आधी नाव मोठ्यानं वाचलं आणि सवयीनं थांबलो, आता ती सांगेल कोण ते. मशीन बंद असली की गाळा फार मोठा वाटतो.

मग मीच सांगायला लागलो. लायब्ररीत होती. पुस्तकं शिवायची. राग कधी आला नाही. एका मुलीच्या आईकडून पुस्तक परत आणलं नाही. बोंबील साफ करताना गाणं म्हणायची. ण म्हणता यायचा नाही.

रंग भरला. पुसताना हात जड पडला आणि पहिल्या अक्षरातला सगळा निघाला. मी तो परत भरला.